करकऱ्याचं खोड

तुम्ही काय काम करता, असं कुणी विचारलं की मी आधी पदर सारखा करते आणि मग खाली बघून सांगते, "मी मेलेली झाडं राखते." पुढचा माणूस हसणार, हे ठरलेलंच असतं. नणदेच्या मुलीच्या लग्नात मुलाकडच्या एका बाईंनी विचारलं होतं, "मेलेले झाडं? ते काय उठून पळतेत का वं, राखायले?" मांडवातल्या सगळ्या बाया हसल्या. मीही हसले, तोंडाला पदर लावून. याचं उत्तर मला दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना सुचलं. माझं नेहमी असंच होतं. म्हणून अशी उशिरा सुचलेली उत्तरं आता लिहून काढते आहे. कुणाला दाखवायची नाहीत. चौथीपर्यंत शिकले, अक्षर बरं आहे, ऱ्हस्व-दीर्घाचं मात्र देवाला माहीत.

उत्तर असं आहे, बाई. झाडं पळत नाहीत, त्यांना पळवतात.

आमचं गाव जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला. गावामागं नाला आणि नाल्यापलीकडं सालईचं जंगल. मी वनखात्यात रोजंदारीवर लागले. रोपवाटिकेत पिशव्या भरल्या, खड्डे खोदले, उन्हाळ्याच्या आधी जाळरेषा काढल्या. जाळरेषा म्हणजे वणवा पुढं सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा. या सगळ्या कामांत बोलावं लागत नाही, म्हणून ती मला आवडायची.

मग रेवती मॅडम आल्या. त्या लाकडात राहणाऱ्या किड्यांचा अभ्यास करतात. त्यांनी वनपाल साहेबांकडे सोबतीला गावातली एक बाई मागितली. साहेब म्हणाले, "शांताबाईला घ्या. दिवसभर एक शब्द बोलणार नाही." ही तारीफ होती की तक्रार, ते मला अजून कळलेलं नाही. मॅडम स्वतः इतक्या बोलतात की आमची जोडी चांगली जमली.

ज्याच्यासाठी हे सगळं चाललं आहे तो एक भुंगा आहे. आम्ही त्याला करकऱ्या म्हणतो. बोटाएवढा, तपकिरी, मिशा अंगाहून लांब. धरला की करकर असा आवाज करतो, जणू सासूनं उठवलेली नवी सून. पुस्तकातलं त्याचं नाव मॅडमनी मला खूपदा सांगितलं, पण ते माझ्या जिभेवर बसत नाही. त्याची मादी जुन्या, जाड, मेलेल्या सालईच्या सालीत अंडी घालते. अंड्यातली अळी लाकडात शिरते आणि काही वर्षं आतच राहते. लाकूड खाते, झोपते, उठून पुन्हा खाते. मग एखाद्या पावसाळ्यात भुंगा होऊन बाहेर येतो, थोडे दिवस हिंडतो, जोडीदार शोधतो आणि संपतो. मी हे घरी सांगितलं तेव्हा आमचे घरवाले, म्हणजे माझे यजमान, म्हणाले, "हुशार हाये. सारी उमर बसून खाल्लं, अन् बायको भेटल्याबरोबर मोकळा झाला."

आमच्या घरवाल्यांचं बोलणं असं असतं. ते पानठेला चालवतात. दिवसभर बोलण्याचंच काम.

तर करकऱ्याला ओलं झाड चालत नाही, काटक्या चालत नाहीत. जाड खोडच लागतं, तेही मेलेलं आणि वर्षानुवर्षं कुणी न हलवलेलं. आणि असं खोड दिसलं की आम्हा बायांना त्यात फक्त सरपण दिसतं. करकऱ्याला मुद्दाम कुणी मारलं नाही. त्याचं घर तेवढं आमच्या चुलीत गेलं. आता तो इतका कमी झालाय की मॅडम महिना-महिना हिंडल्या तरी त्यांना दिसत नाही.

कामाची रीत सोपी आहे. खोडाच्या बुडाशी भुसा पडलाय का बघायचं. भुसा पिवळट आणि मोकळा असेल तर आत कुणीतरी जेवतंय. काळपट, दबलेला असेल तर जेवण आटोपून गेलं. मग काठीनं ठोकायचं, आणि शेवटी खोडाला कान लावून गप्प राहायचं. आत अळी असली की बारीक आवाज येतो, शेजारच्या खोलीत कुणी पापड खातंय असा. हे मला मॅडमनी शिकवलं. गप्प राहणं तेवढं शिकवावं लागलं नाही.

असं खोड मग राखावं लागायचं, आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणजे माझी मैत्रीण कमळा. आम्ही दोघींनी लग्नानंतर बरीच वर्षं बरोबर मोळ्या वाहिल्या होत्या. ती अजून मोळी विकते. मी नाल्याकाठी एका खोडापाशी बसले होते, तर ही कुऱ्हाड घेऊन पुढ्यात उभी.

"शांते, तू माह्यावर पहारा देऊन राह्यली का वं?"

"तुह्यावर नाही. खोडावर."

"खोड बोलते का तुह्यासंग?"

"हाव. आतून."

"बरं झालं बाई. कोणीतरी भेटलं तुले बोलायले."

तिनं कान लावला, ऐकलं, आणि नाक मुरडलं. "इत्तुशा किड्यासाठी इत्तं मोठं लाकूड? माह्या घरात सात माणसं अन् दोन खोल्या हायेत." शेवटी आमचं असं ठरलं की तिनं फांद्या-काटक्या न्याव्यात आणि जाड खोड मला सोडावं. हा ठराव तिनं पाळला. टोमणे मारायचे नाहीत असं काही ठरलं नव्हतं, त्यामुळे ते चालू राहिले.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे एक शाळा. गुरुजी पोरांना घेऊन जंगल स्वच्छ करायला आले. प्लास्टिक उचललं ते बरंच झालं, पण मग पोरं पडकी लाकडंही ओढून ढिगाला लावू लागली. मला पुढं होऊन गुरुजींना सांगायचं होतं. तोंडापर्यंत शब्द आले आणि तिथंच बसले. मग मीही बसले, त्या खोडावर. गुरुजी आले, म्हणाले, "मावशी, उठता का जरा?" मी मान हलवली. त्यांना वाटलं मला चक्कर आली. त्यांनी पाणी पाजलं, पोरांनी बिस्किटं दिली, दोन मुली वारा घालत बसल्या. वेळ झाली तसे सगळे निघून गेले. खोड वाचलं, आणि मला माझी पद्धत सापडली. बोलता येत नसेल तर बसावं.

हीच पद्धत एका होळीला वापरावी लागली.

त्या वर्षी आमच्या बाजूच्या जंगलात करकऱ्याच्या अळ्या असलेलं एकच खोड राहिलं होतं. नाल्याच्या वळणावर, पलीकडच्या उंच काठावर पडलेली म्हातारी सालई. पडताना तिचे दोन तुकडे झाले होते आणि अळ्या होत्या त्या बुडाच्या तुकड्यात. येत्या पावसाळ्यात त्यातून भुंगे निघतील असा मॅडमचा अंदाज होता. ते निघाले तर पुढची अंडी पडणार. ते खोड गेलं तर आमच्या बाजूचा करकऱ्या संपला, असा साधा हिशेब होता. म्हणून मॅडमनी मोठ्या मायेनं त्या खोडाला पांढऱ्या रंगाचं कडं काढलं. कुणी हात लावू नये म्हणून.

आता आमच्याकडं रंगाच्या कड्याचा अर्थ वेगळा. झाडावर निशाण दिसलं म्हणजे खात्यानं ते तोडायला काढलं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. मॅडम बाहेरगावच्या, त्यांना हे कसं माहीत असणार? साहेबांना आणि मला माहीत होतं, पण कडं इतकं सुबक आलं होतं की आम्ही दोघं ते बघतच राहिलो.

होळी आली. मॅडम सणाला घरी गेल्या. साहेब आणि खात्यातली सगळी माणसं वणव्याच्या पहाऱ्याला वर डोंगरात. त्या दिवशी मी पुरण शिजवून, वाटून, जरा उशिरानं नाल्यावर गेले. खोड नव्हतं. वाळूत ओढल्याची खूण होती आणि पुढं बैलबंडीच्या चाकांची चाकोरी. ती गावाकडं जात होती.

मला लगेच कळलं. होळीला लाकूड चोरायची आमच्या गावात रीत आहे. कुणाच्या कुंपणाचं, कुणाच्या गोठ्याचं. मालकानं शिव्या द्यायच्या, पोरांनी त्या हसून घ्यायच्या. पण लाकूड एकदा होळीत पडलं की ते होळीचं. मग मालकानंही परत काढायचं नाही. आमच्या पोलीस पाटील तात्यांची बसायची खाट एका वर्षी अशीच गेली. होळी पेटवायचा मान तात्यांचा. त्यांनी स्वतःच्या हातानं स्वतःची खाट पेटवली आणि डोळे पुसले. धुरानं, असं ते सांगतात.

मी पळत सुटले. माझ्या वयाची बाई पदर खोचून पळताना गावानं आधी पाहिली नव्हती. होळीच्या मैदानात पोचले तेव्हा दिवस मावळतीला आला होता. मध्ये एरंड उभा, भोवती लाकडं, वर पोरांनी घातलेल्या चाकोल्यांच्या, म्हणजे शेणाच्या भोक पाडलेल्या चकत्यांच्या, माळा. आणि सगळ्याच्या बुडाशी, पांढरं कडं मिरवत, आमचं खोड. बाया नैवेद्याची ताटं घेऊन उभ्या होत्या. तात्यांच्या हातात पलिता होता. पेटवला नव्हता, पण काडेपेटी बाहेर आली होती.

मी थांबा म्हटलं. मला स्वतःलासुद्धा ऐकू आलं नाही. पोरं तोंडावर हात मारून बोंबलत होती. होळीला बोंबलायचंच असतं. मग मी आयुष्यात कधी काढला नव्हता असा आवाज काढला. "पेटवू नका होऽऽ!"

सगळं मैदान माझ्याकडं वळलं. आणि मग एकच आनंद झाला.

"अबे, शांताकाकू बोंबलून राह्यली!"

"वा काकू! अजून एक होऊ द्या!"

मी पुन्हा ओरडले. पोरांनी माझ्या सुरात सूर मिसळला. मी जितकं जीव तोडून ओरडावं तितकी त्यांना मजा. दोन बाया कौतुकानं म्हणाल्या, आज मोकळी झाली बिचारी. मी रडकुंडीला आले. वर्षभर कुणाला माझा आवाज ऐकू येत नाही, आणि जेव्हा काढला तेव्हा नेमका गावाचा बोंबलायचा दिवस होता.

मग मी होळीवर चढले आणि खोडावर बसले.

आता मात्र बोंबा थांबल्या. पेटत्या होळीत कोण बसली होती, ते लहान पोरालाही माहीत असतं. गर्दीतून आमचे घरवाले पुढं आले. चेहरा पांढरा पडला होता, पण तोंड चालूच.

"उतर वं खाली! लोक म्हणतीन, म्याच बसवली."

"नाही उतरत."

"पुरण बिघडलं का? मी काही बोललो का तुले सकाळी?"

तात्या जवळ आले. "शांताबाई, काऊन बसली माय तिथं? काय झालं सांग."

मला अळी, अंडी, पावसाळा, कमी होत चाललेली जात, सगळं सांगायचं होतं. मॅडमनी ते किती छान सांगितलं असतं. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "तात्या, हिच्या पोटात लेकरं हायेत."

"कोनाच्या?"

"ह्या खोडाच्या. पोटुशी हाये हे. पोटुशीले जाळता का तुमी?"

कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, ऊन लागलं काकूले. मी म्हटलं, "खोटं वाटत असंन त कान लावून पाहा."

तात्यांनी पलिता बाजूला दिला, टोपी काढली आणि खोडाला कान लावला. होळीच्या दिवशी आमच्या मैदानात पहिल्यांदाच चिडीचूप शांतता झाली. बराच वेळ ऐकून तात्या उठले.

"मले त काही ऐकू येत नाही."

"त्याहिले लग्न झाल्यापासून माही हाक ऐकू येत नाही," तात्यांच्या घरच्या काकू म्हणाल्या. "सरका तिकडे." त्यांनी ताट दुसरीच्या हातात दिलं आणि स्वतः कान लावला. त्यांचे डोळे मोठे झाले. "अगं माय! जेवून राह्यले वं! आपण इथं नैवेद्य घेऊन उपाशी उभ्या, अन् हे आत पंगत बसवून राह्यले."

मग रांगच लागली. बायांनी ऐकलं, माणसांनी ऐकलं, ज्या पोरांनी खोड आणलं होतं त्यांनी सगळ्यात जास्त वेळ ऐकलं. एकजण हळूच म्हणाला, "काकू, निशाण होतं ना त्याच्यावर. आमाले वाटलं खात्यानं सोडलं."

जाळायचं नाही, यावर गावाचं एकमत झालं. पण अडलं भलतीकडंच. तात्या म्हणाले, "जाळायचं नाही हे कबूल. पण होळीत पडलेलं लाकूड काढता येत नाही. माही खाट काढू देली होती का कोणी?"

खाटेचं दुःख मोठं होतं. अंधार पडत आला, पोळ्या गार होत होत्या आणि मी आपली खोडावर. तेवढ्यात मागून कमळाचा आवाज आला.

"लाकूड होळीतून काढता येत नाही ना तात्या?"

"नाही."

"मंग लाकूड राहू द्या जागच्या जागी. होळीच काढा अन् तिकडे मांडा."

तात्यांनी थोडा विचार केला. पूजा व्हायची होती, म्हणजे होळी अजून रीतीनं बसली नव्हती, तिची जागा हलवता येत होती. "एरंड उपटा रे," ते म्हणाले. अख्ख्या गावानं ती होळी काटकी-काटकीनं उचलली आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा रचली. पोरं कुरकुरत होती, घरवाले त्यांच्यात सगळ्यात मोठ्यानं. "बायको होळीत बसली त लोकाइले सुटका भेटते. मले लाकडं उचलायले लागून राह्यले." खोड एक बोटभरही हललं नाही. त्यावर मीही बसून राहिले. आता उतरायला हरकत नव्हती, पण सगळे बघत होते, म्हणून लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी धुळवड. होळी जळून गेली होती, तेव्हा खोडावर होळीचा हक्क राहिला नाही, असं तात्यांनी सांगितलं. त्याच पोरांनी, रंगानं माखलेल्या अंगानं, खोड बंडीत घालून नाल्यावर नेऊन ठेवलं, होतं तसंच, तीच बाजू वर करून. मॅडम परत आल्या आणि खोडावर गुलाबी डाग बघून घाबरल्या. ही कसली नवी बुरशी, म्हणून भिंग काढून बसल्या. मी सगळं सांगितलं तेव्हा इतक्या हसल्या की भिंग हातातून पडलं. मग त्यांनी रंगाचा डबा कायमचा बंद केला. आता राखायच्या खोडाला आम्ही हिरवी चिंधी बांधतो, पोटुशी बाईला हिरवं नेसवतात तशी. कमळाची कल्पना. चिंधी असलेल्या खोडाला आमच्या गावात कुणी हात लावत नाही.

पण खोड वाचलं म्हणजे करकऱ्या वाचला असं नाही. ते बंडीत दोनदा आदळलं होतं, उन्हात तापलं होतं. आदळआपट अळ्यांना सोसत नाही, असं मॅडमनी मला आधीच सांगितलं होतं. होळीनंतर कितीतरी दिवस मी कान लावत होते आणि आत काही ऐकू येत नव्हतं. मॅडम म्हणायच्या, "कोषात गेल्या असतील, तेव्हा गप्पच असतात." पण हे सांगताना त्या माझ्याकडं बघायच्या नाहीत. गावातले लोक मात्र भेटतील तिथं विचारायचे, "काय म्हणते पोटुशी?" मी बरी आहे म्हणायचे. मला खोटं बोलायची सवय नाही, म्हणून ते पुटपुटल्यासारखं व्हायचं. ते सगळं लाजण्यात खपून जायचं.

पाऊस सुरू झाल्यावर मॅडम रोज येत होत्या. मग एक दिवस नाल्याला पूर आला, तर कुणालाच पलीकडं जाता आलं नाही. पूर ओसरल्यावर मी गेले. घरवालेही आले, पाण्याचा भरवसा नाही म्हणून. खोडाला भोकं पडलेली होती. लांबट गोल, कडा ताज्या, कुणी पटाशीनं कोरल्यासारख्या. नऊ मोजली आणि पुढं मोजवेना. ते निघून गेले होते. ज्यांच्यासाठी मी गावासमोर बोंबलले, त्यांतला एकही मला दिसला नाही. आनंद झाला. मी खोडाला कान लावला. काही नाही. पापड नाही, पंगत नाही.

घरवाले खोडाच्या दुसऱ्या टोकाला उभे होते. इकडंतिकडं कुणी बघत नाही याची खात्री करून तेही वाकले आणि त्यांनी खोडाला कान लावला. होळीच्या दिवशी रांगेत ते उभे राहिले नव्हते, हे मला तेव्हा लक्षात आलं. बराच वेळ ते तसेच होते. एवढा वेळ गप्प बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"इकडे ये वं," ते हळूच म्हणाले. "एक हाये अजून आत."

मी गेले. खरंच होता. करकर, थांबून करकर.

"सारे गेले, अन् हा बसला कोपऱ्यात," ते म्हणाले. "तुह्यासारखाच दिसते. चार लोकाइत यायले लाजते."

मी म्हटलं, "राहू द्या त्याले. हाक नका मारू. येईन त्याच्या मनानं."